रंगवताना ताई, तुम्ही काय ऐकता? : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात एक छोटी चौकट होती, चित्रकलेबद्दल काहीही विचारा म्हणून. मला वाटलं ब्रश कुठला, कागद कुठला असले प्रश्न येतील, पण निम्म्याहून जास्त लोकांना मी गाणं काय ऐकते हेच हवंय! ठीके. पुण्यात राहून गाण्याबद्दल चार वाक्यं लिहायची म्हणजे चुका काढायला कोणीतरी टपलेलंच असतं, तरी लिहिते.

प्रश्न : ताई, काम करताना तुम्ही कुठलं संगीत लावता? मला गाणं लावल्याशिवाय पेन्सिल हातातच घ्यावीशी वाटत नाही. हे बरोबर आहे का? (कॉलेजची विद्यार्थिनी, नाशिक)

बरोबर-चूक असं काही नसतं गं, पण आधी एक गैरसमज काढून टाकते. लोकांना वाटतं चित्रकार म्हणजे तानपुरा लावला, डोळे मिटले, तंद्री लागली की हात आपोआप चालायला लागतो. ड्रॉइंग चालू असतं तेव्हा माझ्याकडे पंखा सोडून काहीही चालू नसतं. कोन बघायचे, प्रमाण बघायचं, दोन गोष्टींच्या मधली रिकामी जागा बघायची, याला पूर्ण डोकं लागतं, आणि शब्द असलेलं गाणं लावलं की अर्धं डोकं शब्दांमागे जातं, मग चित्रातल्या माणसाचा एक कान वर आणि एक खाली. तू एक आठवडा ड्रॉइंग गप्प बसून करून बघ आणि गाणं रंग भरायच्या वेळेसाठी ठेव, फरक तुझा तुलाच दिसेल.

रंगाला आलं की मग मी लावते. त्यातही ख्याल, म्हणजे शास्त्रीय गाण्यातला रागाचा विस्तार, मला सगळ्यात सोयीचा, कारण बंदिशीच्या दोनच ओळी, त्याच परत परत, थोड्या वेळाने ते शब्द राहतच नाहीत, नुसता आवाज उरतो. मोठा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, द्यायचा असेल, कागद ओला आहे आणि घाई चालणार नाही, तेव्हा किशोरीताईंचा विलंबित, संथ लयीतला ख्याल. किशोरी आमोणकरांचा भूप मी इतक्या वेळा ऐकलाय की आता कुठे काय येणार ते माहितीये, तरी कंटाळा येत नाही. टेक्सचरचं, भराभर चाकूने ओढायचं काम असेल तर मल्लिकार्जुन मन्सूर, कारण ते कुठे थांबतच नाहीत, एका तानेतून दुसरी निघते आणि तू श्वास घेईपर्यंत ते समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं मी रात्रीच ऐकते, तेव्हा काम बंद असतं. आणि भीमसेनजी कामाच्या वेळी अजिबात नाही, त्यांचा आवाज खोलीत आला की खोली त्यांची होते, आपण ब्रश धुवून गपचूप ऐकत बसायचं.

आता खरी गोष्ट, जी मला कॉलेजात कोणी सांगितली नाही आणि गाण्यातून कळली. भूप आणि देशकार हे दोन राग घे. दोन्हीत सूर तेच पाच, सा रे ग प ध. तरी भूप संध्याकाळचा आणि देशकार सकाळचा, भूपाचं वजन गंधारावर आणि देशकाराचं धैवतावर, आणि जरा कान तयार झाला की पहिल्या काही सुरातच कळतं हा कोण आणि तो कोण. सामान तेच, भर कुठे द्यायचा तेवढंच बदललं. मी क्लासमधे पोरांना हेच करायला लावते. अल्ट्रामरीन म्हणजे गडद निळा, यलो ओकर म्हणजे मातकट पिवळा, बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, आणि पांढरा, बस, याच्याबाहेर जायचं नाही, आणि एकाच विषयाची दोन चित्रं काढायची, एकात निळ्याचं राज्य आणि दुसऱ्यात ओकरचं. पहिल्यांदा सगळे कुरकुरतात की ताई हिरवा तरी द्या. मग दुसऱ्या चित्राला लागतात तेव्हा गप्प होतात.

मारवा हा दुसरा मास्तर. त्यात पंचम नाहीच, आणि सा सुद्धा गाणारे फार जपून लावतात, कोमल रिषभ आणि धैवतावर रेंगाळत राहतात, सा येईल येईल असं वाटतं आणि येतच नाही, आपल्यालाच बेचैन व्हायला होतं. आणि मग तो लागतो तेव्हा काय होतं ते ऐकूनच बघ. वॉटरकलरमधे कोरा पांढरा कागद राखून ठेवायचा असतो ना, तो मला मारवा ऐकून समजला. पांढरं सगळीकडे सोडलं तर त्याची किंमत शून्य.

बाकी मी काही चोवीस तास शास्त्रीयवाली नाही हां. कॅनव्हास ताणताना, ब्रश धुताना, पसारा आवरताना विविध भारती. आशाबाई आणि आरडी. आणि गणपतीच्या आधी नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी मला निवड नसतेच, ढोल-ताशाच ऐकायचा, खिडकी बंद केली तरी. पहिले काही दिवस वैताग येतो, पण ताशाची तर्री चालू असताना इंकने रेघा मारायला मजा येते हे पण खरंय.

प्रश्न : आपण या क्षेत्रात कशा आलात? घरून विरोध झाला का? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, विरोध असा नाही झाला, काळजी झाली. आमचं घर सदाशिव पेठेत, वाड्यातल्या दोन खोल्या, वडील बँकेत. भिंतीवर कॅलेंडर, ते रघुवीर मुळगावकरांचं, आणि माळ्यावर जुने दिवाळी अंक, त्यांची दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं मी कापून वहीत चिकटवायचे आणि शेजारी तसंच काढायचा प्रयत्न करायचे. गॅलरी वगैरे आम्हाला माहितीच नव्हती, आमच्यासारख्या घरात चित्र यायचं ते छापील. दलाल-मुळगावकरांना कॅलेंडरवाले म्हणून नाकं मुरडणारे पुढे कॉलेजात भेटले, पण त्यांनी घराघरात रंग नेले आणि आमची नजर तिथे घडली, मी त्याबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही.

आणि या गावाला छापील चित्राची जुनी सवय आहे सर. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली, देवादिकांची आणि इतिहासपुरुषांची रंगीत चित्रं छापून लोकांच्या भिंतीवर पोचवली. पुढे राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईतून उठून मळवलीला आला, लोणावळ्याच्या अलीकडे. लोकलने जाताना मळवली स्टेशन लागलं की मला अजून ते आठवतं.

तर शाळेत एलिमेंटरी, इंटरमीजिएट दिली, ग्रेड चांगली आली, मग टिळक रोडला अभिनव कला महाविद्यालय. वडिलांचा एकच प्रश्न होता, "दुकानांचे बोर्ड रंगवणार का?" मी म्हटलं लागलं तर रंगवीन. म्हणून पेंटिंगला न जाता कमर्शियलला गेले, आता त्याला अप्लाइड आर्ट म्हणतात, कारण त्यात नोकरी होती. पास झाल्यावर एका जाहिरात कंपनीत लागले. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, अक्षरं हाताने काढायची किंवा ब्रोमाइड, म्हणजे अक्षरं उमटवलेला फोटोचा कागद, कापून रबर सोल्युशनने चिकटवायची, रेघ वाकडी गेली की साहेब पट्टी घेऊनच उभे. त्या कंपनीने मला जे शिकवलं ते कुठलं प्रदर्शन शिकवणार नाही, ते म्हणजे शुक्रवारी काम द्यायचं म्हणजे शुक्रवारी द्यायचं. मूड बीड काही नाही. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर आले आणि आमची ती सगळी हातोटी बघता बघता निकामी झाली, बरोबरचे काही जण शिकले, काहींनी फोटो स्टुडिओ टाकले, मी नोकरी सोडली आणि पुस्तकांची, दिवाळी अंकांची चित्रं करायला लागले. मानधन म्हणून अंकाच्या प्रती हातात ठेवणारे पण भेटले, नाव नाही घेत, आता ते अंकच बंद पडलेत.

स्वतःची म्हणावी अशी पेंटिंग फार उशिरा सुरू केली, मुलगी मोठी झाल्यावर. पहिलं प्रदर्शन बालगंधर्वच्या कलादालनात लावलं आणि पहिलं चित्र विकत घेतलं ते एका भाजीच्या घाऊक व्यापाऱ्यांनी, मंडईचं चित्र होतं. ते म्हणाले टोमॅटोच्या पाट्या चुकीच्या रचल्यात, पण घेतो.

आणि सर, तुम्ही साताऱ्याचे आहात म्हणून सांगते, औंधला गेला नसाल तर जाच. यमाईच्या डोंगरावर औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचं भवानी संग्रहालय आहे, १९३८ चं, राजा स्वतः चित्रकार होता. रविवर्म्याची चित्रं आहेत आणि चक्क हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई-मुलाचं शिल्प आहे, तेही आपल्या सातारा जिल्ह्यात. आणि त्याच औंधला दर वर्षी जुना संगीत महोत्सव होतो, अंतूबुवा जोशींच्या घराण्याने चालवलेला. दिवसा चित्रं आणि रात्री गाणं, एका गावात, इतकी सोय पुण्यात पण नाही.

प्रश्न : मुलगा दहावी झाला, आर्टला जायचं म्हणतो. पोट भरेल का? खरं सांगा. (एक आई, चिंचवड)

खरं सांगते. नुसतं पेंटिंग विकून घर चालवणारे माझ्या ओळखीत फार कमी, आणि त्यातल्या बहुतेकांच्या घरी दुसरा पगार आहे. गॅलरीत चित्र विकलं तर साधारण एक तृतीयांश ते निम्मे पैसे गॅलरीचे, मग फ्रेम, कॅनव्हास, टेम्पो, उद्घाटनाचा चहा, हिशोब मांडला की रडू येतं. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत लावायचं म्हटलं तर नंबर लागायलाच वर्षं जातात.

पण आर्ट म्हणजे फक्त पेंटिंग नाही ना. अ‍ॅनिमेशन आहे, गेमसाठी चित्रं करणारे आहेत, पुस्तकांचं काम, पॅकेजिंग, सिनेमा-नाटकाचं नेपथ्य, शाळेत शिक्षक. बारावीनंतर बीएफए, म्हणजे कलेची पदवी, चार वर्षांचा कोर्स, त्याला राज्याची सीईटी असते, आणि दहावीनंतरचे डिप्लोमाचे मार्ग कला संचालनालयाच्या साइटवर बघून घ्या. माझं मत विचारत असाल तर त्याला बारावी करू द्या आणि या दोन वर्षांत रोज स्केचबुक भरायला सांगा, रोज म्हणजे रोज. रविवारी मंडईत किंवा तुळशीबागेत जाऊन उभ्याउभ्या माणसं काढायची, माणसं हलतात, वैतागतात, वाकून बघतात, "माझं नाक एवढं आहे का" विचारतात. हे दोन वर्षं टिकलं तर पोराला पाठवा. दोन महिन्यात स्केचबुक गादीखाली गेलं तर त्याला चित्रकला आवडते, पण करायची नाहीये, आणि त्यात वाईट काही नाही, आवड म्हणून ठेवावी.

एक उगाच काळजी करू नका, मार्क कमी म्हणून आर्टला, असं नातेवाईक बोलतील. बोलू द्या.

प्रश्न : कुठले चित्रकार आवडतात? आणि मोठ्या चित्रकारांना गाण्याची आवड होती का? (कोथरूड)

यावर मी रात्रभर बोलेन पण संपादक कात्री घेऊन बसलेत.

माझे एक नंबर वासुदेव गायतोंडे. नागपूरचा जन्म, १९२४ चा, आणि बघा कुमार गंधर्व पण १९२४ चेच. गायतोंडे मुंबईला जे. जे. कला महाविद्यालयात शिकले आणि पुढे भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमधे काम करायचे, वॉर्डन रोडला समुद्राजवळचा बंगला होता तो. तिथे चित्रकारांचे स्टुडिओ, नाट्यदिग्दर्शक अल्काझींचं नाटक आणि रविशंकरांची संगीत शाळा, सगळं एकाच छताखाली. म्हणजे एका खोलीत कॅनव्हास आणि भिंतीपलीकडे सतार, असा तो काळ. गायतोंडे स्वतः पाश्चात्य शास्त्रीय संगीत मन लावून ऐकायचे. त्यांची पद्धत पण बघण्यासारखी, रोलरने रंग लावायचा, कागदाचे तुकडे दाबून उचलायचा, चाकूने खरवडायचा, थरावर थर. आणि काम अगदी थोडं, वर्षाला मोजके कॅनव्हास. बाकीचा वेळ काय करायचे तर बसायचे, बघायचे. आजच्या पोरांना हे सांगितलं तर ती म्हणतात मग इन्स्टावर काय टाकायचं!

परदेशी चित्रकारांमधे पॉल क्ले. त्याचे वडील संगीत शिक्षक, आई गाणारी, आणि तो स्वतः इतका चांगला व्हायोलिन वाजवायचा की चित्रकार व्हावं का वादक हाच प्रश्न होता. त्याच्या चौकटी-चौकटींच्या चित्रात रंग एकेक पायरीने चढतात उतरतात, मला ते आलापीसारखं दिसतं, पण तसं त्याला अभिप्रेत होतं असा दावा नाही, त्याच्या कानात बाख आणि मोझार्ट होते. अमूर्त चित्रं करणाऱ्या कँडिन्स्कीची गोष्ट अजून मजेशीर. १९११ च्या जानेवारीत म्युनिकला संगीतकार शोएनबर्गच्या रचना ऐकून आला आणि लगेच चित्र केलं, त्यात पियानोचा काळा आकार आणि चित्रभर सांडलेला पिवळा. शोएनबर्गला पत्र पाठवलं, मैत्री झाली. तो शोएनबर्ग पण चित्रं काढायचा.

आणि आपल्याकडे तर हा उद्योग चारशे वर्षांपूर्वीपासून आहे, रागमाला चित्रं, म्हणजे एकेका रागाचं एकेक चित्र. तोडी म्हटलं की वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं, हिंदोल म्हटलं की झोका, मेघ म्हटलं की पाऊस. आता तोडी ऐकताना हरणं डोळ्यापुढे येतात का? मला तर नाही येत. ती चित्रं बघायला सुंदर, पण ती रागाच्या कल्पनेची, रागाच्या आवाजाची नाहीत असं माझं मत. एक गवई मित्र यावर माझ्याशी भांडतो, त्याचं म्हणणं रागाचं ध्यान, म्हणजे त्याचं रूप, डोळ्यापुढे असल्याशिवाय राग लागतच नाही. भांडण चालू आहे.

पुण्यातलंच बघायचं तर बालगंधर्व रंगमंदिरात जाल तेव्हा गोपाळ देऊस्करांची बालगंधर्वांची दोन तैलचित्रं नीट उभं राहून बघा, एक स्त्रीवेषातलं आणि एक पुरुषवेषातलं. रंगमंदिर १९६८ ला सुरू झालं तेव्हापासून लोक त्यांच्यासमोरून तिकीट काढायला धावतात. शालूची जर कशी रंगवलीये बघा, जवळून नुसते ठिपके, चार पावलं मागे आलं की जर. आणि चेहरा तोच माणूस, दोन्हीकडे.

प्रश्न : सवाईला जाऊन स्केचिंग करता असं ऐकलं. आम्हाला टिप्स द्या. (स्केचिंग ग्रुप, पुण्यातलं औंध)

करते. भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ ला सुरू केलेला हा संगीत महोत्सव, आमच्या लहानपणी रात्रभर चालायचा, आता रात्री दहाची वेळ पाळावी लागते. मी आधी शाल, थर्मास आणि पुढची जागा या क्रमाने विचार करायचे, आता पुढची जागा नको, मागे बसते, कारण स्टेजवर सगळ्यांचं लक्ष असतं आणि मला ऐकणारी माणसं काढायची असतात. डोळे मिटून मान हलवणारे आजोबा, मांडीवर ताल धरलेला हात, समेला एकदम वर येणारे शंभर हात. वडापाव खाताना दाद देणारे पण.

टिप्स म्हणाल तर मऊ पेन्सिल किंवा जाड पेन, खोडरबर घरी ठेवा. उजेड कमी असतो म्हणून कागद पांढराच घ्या. मोबाईलचा टॉर्च लावून शेजारच्याच्या शिव्या खाऊ नका. गाणाऱ्याचा चेहरा काढायच्या मागे लागू नका, हात काढा, गाणं हातात दिसतं. आणि पान उलटताना फरफर आवाज करायचा नाही, हे मी एका काकूंच्या नजरेतून शिकले. शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी रेकॉर्ड लावतात तेव्हा मात्र वही बंद.

गर्दी नको असेल तर केळकर संग्रहालयात जा, वाद्यांचं दालन आहे. जुन्या सारंग्या, वीणा, तंतुवाद्यांचे ते भोपळे, मोरांच्या आकाराची वाद्यं, ड्रॉइंगसाठी याहून अवघड आणि छान विषय नाही, आणि ती हलत नाहीत.

प्रश्न : एआय आलं, आता चित्रकारांचं काय? (पिंपरी)

आमचं ब्रोमाइड गेलं तेव्हा पण हेच विचारलं होतं लोकांनी. स्वस्तातली कामं जातायत, ती गेलीच, माझीही काही गेली. मला राग आहे तो न विचारता चित्रकारांची चित्रं उचलल्याचा, बाकी यंत्राशी भांडण नाही. पुढचा प्रश्न.

प्रश्न : पावसाळ्यात वॉटरकलरवर बुरशीचे ठिपके येतात. फ्रेम केलेल्यावर सुद्धा. काय करू? (मुळशी)

मुळशीत राहता म्हटल्यावर येणारच हो, तिथे भिंतीच घाम गाळतात. कागदाला लावलेलं सरस आणि पेस्ट हे बुरशीचं जेवण, आणि दमट हवा मिळाली की झालं. म्हणून पहिलं, काच कागदाला टेकता कामा नये, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, पाहिजेच, फ्रेमवाला म्हणेल माउंटशिवाय छान दिसतं, ऐकू नका. माउंट आणि मागचा बोर्ड अ‍ॅसिड-फ्री मागा, थोडा महाग पडतो. दुसरं, पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, आणि फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरेल. फ्रेम न केलेली चित्रं प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवायची नाहीत, फोल्डरमधे ठेवा आणि सिलिका जेलच्या पुड्या टाका, त्या गरम करून परत वापरता येतात.

ठिपके आले असतील तर ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका, पसरतात. तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, कोरड्या मऊ ब्रशने हलके झटका. उन्हात वाळवत पण घालू नका, काही रंग उन्हाने उडतात, अलिझरीन क्रिमझन हा गडद लाल तर नक्कीच, गुलाबी संध्याकाळ राखाडी होऊन बसेल. जुनं, किमती चित्र असेल तर हात न लावता थेट कॉन्झर्वेशनवाल्यांकडे न्या.

कागद नवीन घेताय तर कॉटनचा, तीनशे जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा, घ्या, अप्पा बळवंत चौकात मिळतो. हातकागद आवडत असेल तर शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, तिथला कागद मी शाईच्या कामाला वापरते. वॉटरकलरला घेण्याआधी मात्र एक तुकडा आणून त्यावर पाणी टाकून बघा, कारण सगळेच प्रकार पाणी सारखं धरत नाहीत. ऑइलवाल्यांचे प्रश्न बरेच आलेत, ते पुढच्या अंकात घेते.